एक रक्त, दोन यकृते

यकृताच्या कर्करोगावर यकृताचे प्रत्यारोपण हा उपाय पहिल्या नजरेला अगदी सरळ वाटतो. ज्या अवयवात गाठ आहे तो अवयवच काढायचा आणि त्याच्या जागी निरोगी अवयव बसवायचा. गाठ गेली, आणि गाठ जिथे उगवली ते सिरोसिसने राठ झालेले यकृतही गेले. मग रोग परत येतो तो कुठून? आणि ज्यांच्यात तो परत येत नाही, त्यांच्यातले काही जण दहा वर्षांनी हृदयविकाराने किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन का जातात? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच नळीतल्या रक्तात शोधण्याचा उद्योग गेली कित्येक वर्षे चालला आहे. त्यात हाती काय लागले आणि फसगत कुठे झाली, हा आजचा विषय.

पहिला प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे. अमेरिकेत डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी माणसावर यकृताचे पहिले प्रत्यारोपण करून पाहिले. रुग्ण तीन वर्षांचे मूल होते आणि ते टेबलावरच दगावले. पुढचे रुग्णही फार दिवस काढू शकले नाहीत. वर्षाहून अधिक काळ जगलेली पहिली रुग्ण १९६७ सालची, जेमतेम दीड वर्षाची एक मुलगी. आणि तिला यकृताचा कर्करोगच होता. नवे यकृत तिला मानवले. मुलगी गेली ती कर्करोग इतरत्र पसरल्यामुळे. यकृत-प्रत्यारोपणाचे पहिले खरे यश आणि कर्करोगाच्या पुनरागमनाचा पहिला ठळक धडा असे दोन्ही एकाच रुग्णाच्या नावावर आहेत.

रोग परत येतो, कारण शस्त्रक्रियेच्या दिवशी तो यकृतापुरता उरलेला नसतो. गाठीतल्या काही पेशी आधीच बारीक रक्तवाहिन्यांत शिरलेल्या असतात. त्या फुप्फुसांत, हाडांत जाऊन बसतात, कधी फिरून नव्या यकृतातच मुक्कामाला येतात. त्यात भर म्हणजे, परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात, आणि अशा भटक्या पेशींवर पहारा ठेवण्याचे काम त्याच प्रतिकारशक्तीचे असते. नीट निवडलेल्या रुग्णांतही साधारण दहा ते वीस टक्क्यांमध्ये रोग परततो, आणि परततो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. हा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे; पुढचे बरेचसे विवेचन त्याच्यावरच उभे आहे.

नीट निवडायचे म्हणजे कसे? १९९६ साली मिलानच्या व्हिन्सेन्झो मॅझाफेरो आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर सेंटिमीटरमध्ये दिले. गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत. अनेक असतील तर तीनपर्यंत, आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत. मोठ्या रक्तवाहिनीत शिरकाव नको. फक्त ४८ रुग्णांचा हा अभ्यास. पण चार वर्षांनी त्यांतले ७५ टक्के जिवंत होते, आणि तोवरचे निकाल पाहता हा आकडा थक्क करणारा होता. ‘मिलान निकष’ जगभर रूढ झाले ते त्यामुळे. नंतर सॅन फ्रान्सिस्कोने मर्यादा थोडी सैल केली. खुद्द मॅझाफेरो यांनी २००९ मध्ये गाठींची संख्या आणि सर्वांत मोठ्या गाठीचे सेंटिमीटर यांची बेरीज सातपर्यंत चालेल असे सुचवले.

पण सेंटिमीटरला गाठीचा स्वभाव कळतो का? चार सेंटिमीटरची एखादी गाठ वर्षभर शांत पडून राहते आणि दोन सेंटिमीटरची दुसरी रक्तवाहिन्या फोडून बाहेर पडते. मापात दोन्ही बसतात. इथे रक्ताची गरज लागली.

सर्वांत जुनी खूण म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, रोजच्या बोलण्यात ‘एएफपी’. गर्भाच्या यकृतात तयार होणारे हे प्रथिन जन्मानंतर जवळजवळ नाहीसे होते. यकृतात गाठ झालेल्या उंदरांत ते पुन्हा दिसते हे १९६३ मध्ये मॉस्कोच्या गॅरी अबेलेव्ह यांनी दाखवले, आणि माणसात ते तातारिनोव्ह यांनी पुढच्याच वर्षी. बिघडलेली पेशी आपले प्रौढपण सोडून गर्भावस्थेतली कामे पुन्हा करू लागते, त्याची ही खूण. आकडा जितका मोठा तितकी पेशी अधिक बहकलेली, असा ढोबळ अर्थ. ढोबळ अशासाठी की सुमारे एकतृतीयांश गाठी एएफपी वाढवतच नाहीत; उलट नुसती हिपॅटायटिसची सूज त्याला वर ढकलू शकते.

तरीही हा आकडा मापाच्या शेजारी जाऊन बसला. फ्रान्समध्ये २०१२ साली मांडलेल्या गुणपद्धतीत गाठींचे माप आणि संख्या यांच्याबरोबर एएफपीलाही गुण मिळाले: शंभरच्या आत शून्य, शंभर ते हजार दोन, हजाराच्या वर तीन. एकूण बेरीज दोनच्या वर गेली तर धोका जास्त. म्हणजे मापात चपखल बसणारा माणूस नुसत्या रक्ताच्या आकड्यावर बाहेर पडू शकतो. अमेरिकेतला नियम आणखी बोलका आहे. एएफपी हजाराच्या वर असेल तर कर्करोगासाठी मिळणारे खास प्राधान्य मिळत नाही. गाठीवर उपचार करून तो आकडा पाचशेच्या खाली आणला तर मिळते. जपानने २०१९ मध्ये सूत्रच केले: गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, गाठी पाचपर्यंत, एएफपी पाचशेपर्यंत.

जपानी आणि कोरियन डॉक्टर आणखी एका खुणेला मानतात. रक्त गोठवणारे प्रोथ्रोम्बिन हे प्रथिन यकृत तयार करते आणि ते पुरे करायला के जीवनसत्त्व लागते. कर्करोगाच्या पेशी ते अर्धवटच रक्तात सोडतात. या अर्धवट प्रोथ्रोम्बिनचे नाव ‘पिवका-टू’. वॉरफॅरीन घेणाऱ्या माणसात किंवा के जीवनसत्त्व कमी पडलेल्या काविळीच्या रुग्णात गाठीशिवायही तो आकडा वाढतो, म्हणून त्याची मोजणी डोळसपणे करावी लागते. मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या शिरकावाशी त्याचे नाते चांगले जुळते. क्युशू विद्यापीठाने तर गाठ पाच सेंटिमीटरच्या आत किंवा पिवका-टू तीनशेच्या आत, यांतले एक पुरेसे मानले.

इथपर्यंतच्या खुणा गाठीच्या आहेत. चयापचयाचा प्रांत यापुढे सुरू होतो, आणि त्याच्या वेशीवर ऑटो वॉरबर्ग उभे आहेत. प्राणवायू मुबलक असतानाही कर्करोगाच्या पेशी साखर अर्धवट जाळून लॅक्टेट सोडतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवले. (त्यांना १९३१ साली नोबेल मिळाले ते पेशींच्या श्वसनातल्या विकराबद्दल, कर्करोगाच्या या निरीक्षणाबद्दल नव्हे.) आजचा पेट स्कॅन साखरेच्या याच भुकेवर चालतो. किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचायची आणि ती कुठे साठते ते पाहायचे.

यकृतात यालाही एक गोम आहे. यकृताच्या निरोगी पेशीचे कामच मुळी साखर साठवणे आणि लागेल तेव्हा रक्तात परत सोडणे. त्यासाठी तिच्याकडे एक खास विकर असते. गाठीतली पेशी जोवर यकृताच्या पेशीसारखी वागते तोवर हे विकर शाबूत असते. आत आलेली खुणेची साखर ती बाहेर सोडून देते आणि स्कॅन कोरा येतो. पेशी पुरती बिघडली की विकर जाते, साखर आत अडकते आणि गाठ उजळते. म्हणून यकृताच्या कर्करोगात पेट स्कॅनने गाठ सापडेलच असे नाही, पण तो ती किती बिघडली आहे ते सांगतो. दक्षिण कोरियातल्या राष्ट्रीय कर्करोग केंद्राने यावरूनच निकष बांधला: गाठींच्या मापांची बेरीज दहा सेंटिमीटरच्या आत आणि पेट स्कॅन कोरा. मिलानच्या तुलनेत हा निकष उदार आहे, आणि तो उदार होऊ शकला तो चयापचयाच्या पुराव्यावर.

आता बाजू बदलू या. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये एक कल्पना मांडली. कर्करोगाच्या पेशी बियांसारख्या चहूकडे उधळतात, पण रुजतात त्या मानवेल त्या जमिनीतच. एएफपी, पिवका-टू, पेट स्कॅन ही सगळी बियाण्याची परीक्षा झाली. जमिनीची परीक्षा कशाने करायची? साखर, इन्शुलिन, ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल, अल्ब्युमिन, दाह दाखवणाऱ्या पेशींचे प्रमाण हे सारे आकडे जमिनीबद्दल बोलतात. इन्शुलिन वाढीचा संदेश देते, आणि तो संदेश कर्करोगाच्या पेशीलाही ऐकू येतो. पोटात साठलेली चरबी दाह वाढवणारी रसायने सोडत राहते. तर्क म्हणून हे सगळे पटण्यासारखे आहे.

अडचण अशी, की हे आकडे ज्या यकृतातून येतात ते स्वतःच मोडकळीला आलेले असते. मधुमेहाच्या रुग्णाला एरवी जी तपासणी सर्वांत विश्वासाची वाटते, ती तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीएवनसी, इथे दगा देते. सिरोसिसमध्ये प्लीहा वाढलेली असते आणि तांबड्या पेशी लवकर मोडतात. पेशीचे आयुष्यच घटले तर तिच्यावर साखर चढायला वेळ कुठला? आकडा खोटाच कमी येतो. त्यात अलीकडे रक्त चढवले असेल तर तो आकडा निम्मा दात्यांचा. उपाशीपोटीची साखरही फसवते. आजारी यकृताचा साठा तोकडा असल्याने सकाळी ती ठीक दिसते आणि जेवणानंतर भडकते.

कोलेस्टेरॉलचे तर उलटेच. बाजारातल्या समजुतीप्रमाणे कमी कोलेस्टेरॉल म्हणजे चांगली तब्येत. पण कोलेस्टेरॉल तयार करणारा कारखाना यकृतच आहे. सिरोसिसच्या रुग्णाचे कोलेस्टेरॉल वर्षभरात दोनशेवरून शंभरावर आले, तर त्याने पथ्य पाळले असे मानायचे, की कारखाना बंद पडत चालला असे? बहुतेक वेळा दुसरेच खरे. म्हणून पोषण मोजणाऱ्या गुणपद्धतीत, उदाहरणार्थ अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल आणि लिम्फोसाइट या तिघांवर बांधलेल्या ‘कॉनट’मध्ये, कोलेस्टेरॉल कमी असणे हा दोष धरतात. तोच आकडा हृदयविकाराच्या हिशेबात गुण ठरतो. आकडा बदलला नाही, त्याला विचारलेला प्रश्न बदलला.

हाच मुद्दा ‘मेल्ड’ या गुणांकनातही दिसतो. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचे मोजमाप असलेला आयएनआर या तीन साध्या तपासण्यांवर उभे असलेले हे गणित अमेरिकेने २००२ मध्ये अवयववाटपासाठी स्वीकारले. पुढे त्यात सोडियम आले, आणि ‘मेल्ड ३.०’मध्ये अल्ब्युमिन आणि लिंगही. प्रत्यारोपण झाले नाही तर माणूस येत्या तीन महिन्यांत जाण्याची शक्यता किती, ते मेल्ड सांगते, आणि चांगले सांगते. प्रत्यारोपण झाल्यावर तो किती जगेल हे सांगण्यासाठी ते बांधलेलेच नाही. कर्करोगाच्या रुग्णाचे मेल्ड तर बऱ्याचदा कमीच असते, कारण गाठ असली तरी यकृत अजून काम करत असते. अशा रुग्णांना वेगळे गुण द्यावे लागतात ते त्यासाठी.

रक्तातल्या दाहाच्या खुणांनी थोडे बरे काम केले आहे. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर साध्या हिमोग्रॅममधून निघते, त्याला वेगळा खर्च नाही. २००९च्या एका गाजलेल्या अभ्यासात ते पाच किंवा त्याहून अधिक असलेल्यांत कर्करोग अधिक वेळा परतलेला दिसला. नंतरच्या कित्येक केंद्रांनी दिशा तीच पाहिली, पण पाच ही मर्यादा मात्र जागोजागी सरकली.

या जागी भारताकडे वळणे भाग आहे, कारण जमिनीचा प्रश्न इथे वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. दिसायला सडसडीत भारतीय आतून चरबीदार असू शकतो, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितले नसेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातले मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले, आणि राज्यांत सर्वांत वर होता गोवा, २६.४ टक्के. फॅटी लिव्हर, त्यातून सिरोसिस, त्यातून कर्करोग ही वाट हिपॅटायटिसच्या वाटेइतकी रुळत चालली आहे. अशा रुग्णाचे वजन पाहून त्याच्या चयापचयाचा अंदाज बांधणाऱ्या पाश्चात्त्य कोष्टकांवर इथे विसंबता येत नाही.

मग प्रत्यारोपणापूर्वीच्या साखर-चरबीच्या आकड्यांवरून कर्करोग परतेल की नाही ते सांगता येते का? मागे वळून पाहणारे अभ्यास पुष्कळ आहेत. कुणाला साखरेत धोका दिसला, कुणाला ट्रायग्लिसराइडमध्ये, कुणाला काहीच नाही. रुग्णनिवडीच्या ज्या पद्धती जगात रूढ आहेत त्यांत एएफपी आहे, पिवका-टू आहे. साखर किंवा ट्रायग्लिसराइड एकातही नाही. हा नकार अपघाती नव्हे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सगळे पालटते. त्या दिवसापासून रक्तातली बहुतेक प्रथिने दुसऱ्याच माणसाच्या जनुकांनी घडवलेली असतात. चरबीची ने-आण करणारे अपोलायपोप्रोटीन-ई हे प्रथिन प्रत्येकाच्या जनुकांनुसार थोडे वेगळे असते. प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या रक्तात दात्याचे रूप दिसू लागते. याचा सर्वांत नाट्यमय दाखला १९८४चा. पिट्सबर्गमध्ये स्टार्झल यांच्याच चमूने सहा वर्षांच्या एका मुलीला हृदय आणि यकृत एकदम बसवले. कर्करोगाशी तिचा संबंध नव्हता. आनुवंशिक दोषाने तिचे कोलेस्टेरॉल हजाराच्या वर होते. नवे यकृत कामाला लागल्यावर ते काही आठवड्यांत तीनशेच्या आसपास उतरले. औषध नाही, पथ्य नाही. फक्त यकृत दुसरे.

म्हणजे प्रत्यारोपणापूर्वीचा कोलेस्टेरॉलचा आकडा आणि नंतरचा आकडा एकाच माणसाच्या नावावर असले तरी एकाच अवयवाचे नाहीत. दोन्ही एकाच आलेखावर जोडून रेघ ओढणारे संशोधन अधूनमधून छापून येते, आणि ती रेघ दोन वेगळ्या यकृतांना एक समजते.

पहिल्या काही तासांत बोलते ते लॅक्टेट. रक्तप्रवाह सुरू झाल्यावर नवे यकृत साठलेले लॅक्टेट झपाट्याने साफ करू लागले तर ते जिवंत आहे; आकडा चढत राहिला तर शस्त्रक्रियागृहात चिंता पसरते. पहिल्या आठवड्याचे मोजमाप ठरलेले आहे. सातव्या दिवशी बिलिरुबिन दहा किंवा अधिक, त्याच दिवशी आयएनआर १.६ किंवा अधिक, अथवा आठवड्याभरात यकृतातली विकरे दोन हजारांच्या वर: यांतले एक जरी घडले तरी नवे यकृत अडखळत आहे असे धरतात. थंड पेटीत प्रवास करून आलेल्या अवयवात रक्त शिरताना जी इजा होते ती भटक्या कर्करोगपेशींना चिकटायला जागा देते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले आहे.

आणि मग औषधे. मुख्य औषध टॅक्रोलिमस, जपानच्या त्सुकुबातल्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये मिळालेले. अवयव वाचवण्याचे काम ते उत्तम करते. त्याच वेळी स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना दाबते, मूत्रपिंडांना त्रास देते, रक्तदाब चढवते. जोडीला सुरुवातीचे स्टिरॉइड. पहिल्या काही आठवड्यांत साखर जवळजवळ सगळ्यांचीच चढते, म्हणून मधुमेहाचा शिक्का तेव्हा मारायचा नसतो. औषधांचा डोस स्थिरावू द्यायचा असतो. पुढे भूक परत येते, वर्षानुवर्षे अन्नावरची वासना उडालेला माणूस पोटभर जेवू लागतो, घरचेही प्रेमाने वाढतात. वजन वाढते, ट्रायग्लिसराइड वाढते.

या टप्प्यावर कोण कशाने जाते? पहिली दोन-तीन वर्षे कर्करोगाच्या पुनरागमनाची. ती निभावली की यादी बदलते: हृदय आणि रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे, जंतुसंसर्ग, नव्यानेच उद्भवलेले दुसरे कर्करोग. अमेरिकेतल्या तीन केंद्रांत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यारोपण झालेल्यांचा दीर्घ पाठपुरावा झाला. त्यात उशिराच्या मृत्यूशी सर्वांत घट्ट जोडलेल्या गोष्टींत मधुमेह आणि मूत्रपिंडांची अकार्यक्षमता पुढे होत्या. दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत यकृत मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांची मूत्रपिंडे पाच वर्षांत गंभीर प्रमाणात बिघडली होती. चयापचयाच्या खुणांचे खरे राज्य हे. प्रत्यारोपणापूर्वी जे आकडे गोंधळात टाकत होते, तेच दुसऱ्या कालखंडात स्पष्ट बोलतात, कारण आता ते धडधाकट यकृतातून येत असतात आणि त्यांना विचारलेला प्रश्नही त्यांच्या आवाक्यातला असतो.

दोन्ही कालखंडांना एकाच वेळी हात घालू पाहणारे एक औषध आहे. १९६४ साली एक कॅनेडियन मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर, म्हणजे रापा नुईवर, गेली होती. तिथून आणलेल्या मातीतून माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत रॅपामायसिन निघाले; त्यामागे चिकाटीने लागलेले शास्त्रज्ञ होते सुरेंद्रनाथ सेहगल. हे औषध पेशीतल्या ज्या यंत्रणेला अडवते ती पेशीला अन्न भरपूर आहे की टंचाई, हे कळवणारी यंत्रणा आहे. भरपूर असेल तर वाढ, टंचाई असेल तर काटकसर. प्रतिकारशक्ती दाबायची आणि कर्करोगाची वाढही रोखायची, असा एका दगडात दोन पक्ष्यांचा बेत. तो तपासला गेला ५२५ रुग्णांवरच्या ‘सिल्व्हर’ या चाचणीत, आणि २०१६ मध्ये निकाल आला. सुरुवातीच्या तीन ते पाच वर्षांत काहीसा फायदा दिसला. त्यापुढे रोगमुक्त राहण्याच्या बाबतीत औषध घेणारा आणि न घेणारा असे दोन्ही गट जवळ आले. आणि किंमत? हे औषध कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. मूत्रपिंडांना टॅक्रोलिमसपेक्षा सौम्य, रक्तातल्या चरबीला वाईट. जखम भरण्यात आणि यकृताच्या रोहिणीत गुठळ्या होण्याच्या बाबतीत त्याचा धोका असल्याने पहिल्या महिन्यात ते देत नाहीत.

श्रोत्यांपैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. इतके संशोधन होऊनही अमुक आकडा धोक्याचा असे ठामपणे का सांगता येत नाही? उत्तर गणितात आहे. समजा, एका केंद्राने दोनशे रुग्णांची कागदपत्रे काढली. पंधरा टक्क्यांत रोग परतला असे धरले तरी तशी माणसे तीस. या तिसांवर वीस वेगवेगळे रक्तनिर्देशक तपासले आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर एकाचाही रोगाशी संबंध नसला तरी योगायोगाने सरासरी एक ‘महत्त्वाचा’ ठरतोच. त्या एकावर निबंध लिहिला जातो, उरलेले एकोणीस कपाटात राहतात. मग मर्यादेचा आकडा शोधायचा: ज्या ठिकाणी दोन गटांच्या आलेखातल्या रेघा सर्वांत दूर जातात तीच मर्यादा. पुढच्या शहरात ती जुळत नाही, यात नवल काय?

दुसरा सापळा अधिक बारीक आहे. प्रत्यारोपणानंतर स्टॅटिन घेणाऱ्यांत कर्करोग कमी परततो, असे काही अभ्यासांत दिसते. पण स्टॅटिन कुणाला मिळते? जो पहिले वर्ष सुखरूप काढतो, ज्याचे वजन वाढते, कोलेस्टेरॉल चढते, आणि ज्याच्याकडे पाहून डॉक्टरला दहा वर्षांपुढचा विचार सुचतो, त्याला. सहाव्या महिन्यात ज्याचा रोग परतला त्याला कोलेस्टेरॉलची गोळी कोण लिहून देईल? म्हणजे गोळी मिळण्यासाठी आधी जगावे लागले, आणि हिशेबात जगण्याचे श्रेय गोळीला गेले. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या बाबतीतही हीच शंका राहते. प्रत्यारोपणानंतर कोलेस्टेरॉल वाढलेली माणसे जास्त जगली, असा निष्कर्ष कुठे दिसला, तर त्याचाही अर्थ याच अंगाने लावावा. तिसरी गोष्ट, एका कारणाने गेलेला माणूस दुसऱ्या कारणाने जाऊ शकत नाही. मधुमेहाने हृदय बंद पडून चौथ्या वर्षी गेलेल्यात कर्करोग परतला नाही, हे खरे. पण त्याला मधुमेहाचा बचाव म्हणता येत नाही. ‘एकूण आयुर्मान’ या एकाच रकान्यात सगळे मृत्यू घातले की दोन्ही कालखंडांची सरमिसळ होते.

प्रत्यक्ष रुग्णालयात याचा उपयोग असा होतो. काढलेले यकृत सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर ‘रिट्रीट’सारखी गुणपद्धत वापरता येते. शस्त्रक्रियेच्या वेळचा एएफपी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला शिरकाव, आणि जिवंत गाठींची संख्या व माप यांची बेरीज, असे शून्य ते आठ गुण. शून्य गुणवाल्यांत पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आत, पाच किंवा अधिक गुणवाल्यांत ७५ टक्क्यांच्या वर. कुणाचे छाती-पोटाचे स्कॅन आणि एएफपी किती वेळा करायचे ते यावरून ठरवता येते. साखर, चरबी, क्रिएटिनिन आणि रक्तदाबाचे वेळापत्रक मात्र या गुणांवर अवलंबून नसते. ते सर्वांना, आणि आयुष्यभर. एचबीएवनसीवर भरवसा ठेवायचा तो तांबड्या पेशींचा कारभार पूर्ववत झाल्यावर, म्हणजे पहिल्या वर्षात जपूनच.

रक्ताची आणखी एक नळी उरते, ती दात्याची. भारतात १९९४चा अवयव-प्रत्यारोपण कायदा आला आणि १९९८ मध्ये दिल्लीत पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण झाले, तरी आजही बहुसंख्य यकृते जिवंत नातेवाइकांच्या शरीरातूनच येतात. मुलगा, बायको, बहीण पुढे येते. त्यांचीही साखर, चरबी, यकृतातल्या मेदाचे प्रमाण पाहिले जाते, आणि मेद जास्त असेल तर आधी वजन उतरवायला सांगतात. काही आठवड्यांच्या काटेकोर आहाराने यकृतातला मेद खरोखर उतरतो. मेंदू मृत झालेल्या दात्याच्या बाबतीत ही सवड नसते. अमेरिकी नोंदींच्या एका विश्लेषणात साठीपुढच्या किंवा मधुमेही दात्यांची यकृते मिळालेल्यांत कर्करोग परतण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसले. मेल्ड कमी असलेल्या कर्करोगाच्या रुग्णाला अशी दुय्यम यकृते देऊ केली जाण्याची शक्यता जास्त, म्हणून हा मुद्दा त्याच्यासाठी पुस्तकी नाही. बर्मिंगहॅममधल्या डॉक्टरांनी यावर यंत्राचा तोडगा वापरून पाहिला. ब्रिटनमधल्या सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृते त्यांनी शरीराच्या तापमानाला, रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर ठेवली. मुख्य कसोटी एकच साधा चयापचयाचा आकडा: चार तासांत लॅक्टेट २.५ किंवा त्याखाली आले पाहिजे. कसोटीला उतरलेली २२ यकृते बसवली गेली आणि तीन महिन्यांनी ते सगळे रुग्ण जिवंत होते. पुढे त्यांतल्या चार जणांच्या पित्तनलिका आकसल्या आणि त्यांना पुन्हा प्रत्यारोपण लागले. पित्तनलिकांची अवस्था लॅक्टेटच्या आकड्यात उमटत नाही.